‘नाखवीण’, ‘मास्टर’ आणि ‘स्किपर’ : भाड्याच्या शीडनौकेवरील स्त्रीच्या अधिकाराविषयी काही विचार

कोकणपट्टीतील दर्यावर्दी लोकांत गलबताच्या मुख्यास ‘नाखवा’ म्हणतात, आणि ‘नाखवीण’ म्हणजे त्या नाखव्याची बायको. स्वतः गलबत हाकणारी स्त्री असा अर्थ या शब्दातून सहजासहजी निघत नाही. मराठीतील ‘-ईण’ हा प्रत्यय व्यवसायवाचक नामांना लागला म्हणजे बहुधा असेच घडते. पाटलीण पाटीलकी करीत नसे. ती पाटलाच्या घरची असे. कोळणीची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण मासळीचा बाजार तिच्या स्वतःच्या हातात असतो. आणि ‘मास्तरीण’ हा शब्द तर मास्तरांच्या बायकोपासून निघून शाळेत शिकविणाऱ्या बाईपर्यंत आपल्या डोळ्यांदेखत आला आहे. संस्कृत वैयाकरणांनी हा भेद फार पूर्वी ओळखला होता. जी स्वतः शास्त्राचे व्याख्यान करते ती ‘आचार्या’ आणि जी आचार्यांची पत्नी ती ‘आचार्यानी’. पुरुषाशी असलेल्या संबंधामुळे स्त्रीला मिळणाऱ्या नामाला त्यांनी ‘पुंयोग’ ही संज्ञा दिली. प्रस्तुत लेखात ही व्याकरणातील संज्ञा मी इतिहासासाठी उसनी घेणार आहे.

समुद्रावर स्त्रीने हुकूम चालविल्याचे दाखले जुने आहेत. परंतु तो हुकूम तिला कोणत्या नात्याने मिळाला, पुंयोगाने की स्वतःच्या पात्रतेने, हा प्रश्न प्रत्येक दाखल्याला वेगळा विचारावा लागतो. ज्या ठिकाणी हा प्रश्न अगदी उघडा पडतो ते ठिकाण म्हणजे युद्धनौका नव्हे किंवा मोठे व्यापारी जहाजही नव्हे; ते आहे विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेच्या किनाऱ्यांवर रूढ झालेली चार्टरची, म्हणजे सहलीसाठी भाड्याने दिली जाणारी, लहान शीडनौका. तेथे स्त्री-स्किपरपाशी दर्जा दाखविणारा गणवेश बहुधा नसतो आणि शिस्तीत वाढलेले खलाशीही नसतात. ज्यांच्यावर हुकूम चालवावयाचा तेच पैसे देणारे पाहुणे असतात.

आधी शब्दांचा थोडा विचार करू. आपला ‘नाखवा’ हा फारसी ‘नाखुदा’पासून आला, ‘नाव’ आणि ‘खुदा’ मिळून नौकेचा धनी. ‘सुकाणू’चे मूळ अरबी. हिंदी महासागरातील लश्करी खलाशांच्या मिश्र बोलीत सारंग, तांडेल, सुकाणी, कसाब, भंडारी अशी अधिकारांची आणि कामांची चांगली भरगच्च उतरंड होती; थॉमस रोबक याने १८११ साली कलकत्त्यास इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक कोश प्रसिद्ध केला तो याच बोलीच्या गरजेपोटी. ही उतरंड सर्व पुरुषांची होती. या बोलीत ‘भंडारी’ म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी; घरी जे काम बाईचे ते जहाजावर पुरुषाचे होते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

इंग्रजीत तीन शब्द आहेत. ‘कॅप्टन’ हा लॅटिनमधील डोकेवाचक शब्दापासून आलेला, मूळचा लष्करी. ‘स्किपर’ हा मध्ययुगीन डच व उत्तर जर्मन किनाऱ्यावरचा ‘शिपर’. ‘शिप’ला कर्तृवाचक प्रत्यय लागून झालेला साधा, कामकरी शब्द, चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत रूढ झालेला. तिसरा ‘मास्टर’, आणि कायद्याला हाच प्रिय आहे. या तिसऱ्या शब्दाची अडचण अशी की त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘मिस्ट्रेस’ हे इंग्रजीत इतक्या वेगळ्या अर्थांकडे वाहत गेले की जहाजाच्या संदर्भात ते उच्चारण्याचीही सोय उरली नाही. म्हणून स्त्री जहाजाची ‘मास्टर’ झाली तर ती ‘मास्टर’च राहते. भाषेची ही अडचण पुढे स्त्रियांच्या पथ्यावर पडली, असे मला वाटते.

ग्रीक भाषेत अशी अडचण नाही. ‘कपेतानिओस’ या पुल्लिंगी शब्दाशेजारी ‘कपेतानिसा’ हा स्त्रीलिंगी शब्द सुखाने नांदतो, आणि त्याचा अर्थ कप्तानाची पत्नी असाही होतो व स्वतः कप्तान असलेली स्त्री असाही होतो. १८२१ च्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात स्पेत्सेस बेटावरील लास्करिना बुबुलिना हिने स्वतःच्या खर्चाने बांधलेले ‘अगामेम्नॉन’ हे जहाज घेऊन नाफ्प्लिओच्या वेढ्यात भाग घेतला. तिला कपेतानिसा म्हणतात ते दुसऱ्या अर्थाने. परंतु जगाला ठाऊक असलेले तिचे नाव मात्र पुंयोगाचेच आहे. ‘बुबुलिना’ म्हणजे दिमित्रिओस बुबुलिस याची बायको. (ग्रीक ‘-इना’ आणि मराठी ‘-ईण’ यांच्या ध्वनिसाम्यावरून नाते जोडण्याचा मोह वाचकांनी टाळावा, दोहोंचे कूळ वेगळे आहे, केवळ काम सारखे आहे.) दोन दर्यावर्दी पतींच्या निधनानंतर त्यांची संपत्ती आणि जहाजे हाती आलेल्या या विधवेचे शौर्य तिचे स्वतःचे होते, मात्र त्या शौर्याला समुद्रावर वाव मिळाला तो वारसाहक्काच्या वाटेने.

स्कॉटलंडमधील सॉल्टकोट्स येथील बेट्सी मिलर हिचा प्रकार असाच, फरक इतकाच की तेथे पतीच्या जागी पिता होता. वडिलांच्या मालकीचे ‘क्लायटस’ हे दोन डोलकाठ्यांचे जहाज तिने वर्षानुवर्षे आयर्लंडला कोळसा नेण्याच्या कामी चालविले.

याहून पुष्कळ बोलका दाखला मेरी पॅटन हिचा. १ जुलै १८५६ रोजी ‘नेपच्यून्स कार’ हे वेगवान क्लिपर जहाज न्यूयॉर्कहून केप हॉर्नला वळसा घालून सॅन फ्रान्सिस्कोला जाण्यास निघाले. कप्तान जोशुआ पॅटन यांच्याबरोबर त्यांची एकोणीस वर्षांची पत्नी मेरी होती. पहारा टाळणे आणि आज्ञाभंग यांबद्दल पहिल्या मेटला कप्तानाने कैदेत टाकले होते. केप हॉर्नच्या आसपास, दक्षिण गोलार्धातील ऐन हिवाळ्यात, कप्तान स्वतः तापाने अंथरुणास खिळला. दुसऱ्या मेटला जहाजाचे स्थान काढण्याचे गणित येत नव्हते. ते गणित येणारी दुसरी व्यक्ती जहाजावर एकच होती. आधीच्या सफरीत वेळ जावा म्हणून मेरी नवऱ्याकडून सूर्य व तारे यांचे वेध घेण्यास शिकली होती. पहिल्या मेटने जहाज आपल्या हाती द्यावे असे सुचविले, ते तिने नाकारले. गरोदर असलेल्या या मुलीने खलाशांना आपल्या बाजूस वळविले, नवऱ्याची शुश्रूषा चालू ठेवली आणि १५ नोव्हेंबर १८५६ रोजी जहाज सॅन फ्रान्सिस्कोला आणले.

येथपर्यंतची हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला तिच्या पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटावा. विमा कंपन्यांनी तिला १,००० डॉलर बक्षीस दिले. स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या मंडळींनी तिचे उदाहरण उचलून धरले. मेरी पॅटनने मात्र विमेदारांना लिहिलेल्या उत्तरात, आपण केले ते पत्नीचे साधे कर्तव्य होते, एवढेच म्हटले. या उत्तरात विनय आहेच. पण त्याहीपेक्षा त्यात आपल्या अधिकाराची तिने स्वतः केलेली व्याख्या आहे. तिने हुकूम चालविला तो मास्टर म्हणून नव्हे, मास्टर आजारी असताना त्याच्या अर्ध्या अंगाने चालविला. खलाशांनी तो मानला तोही बहुधा याच भूमिकेतून. तेव्हा अमेरिकन शीडजहाजांच्या कप्तानाला सरकारी परवान्याची अट नव्हती, म्हणून कागदाचा प्रश्नच उद्भवला नाही. कागद नसल्यामुळे तिला अडविणारे कोणी नव्हते, आणि कागद नसल्यामुळेच तिच्या पश्चात तिच्या वाटेने दुसरी कोणी जाऊ शकली नाही. १८६१ साली ती क्षयाने वारली.

कागदाचा प्रश्न उभा राहिला तो नदीवर, आणि वाफेच्या बोटीवर. १८७१ च्या अमेरिकन कायद्याने वाफेच्या बोटींच्या मास्टरनाही परवाना सक्तीचा केला होता. मेरी मिलर ही आपल्या नवऱ्याबरोबर ‘सलीन’ ही बोट चालवीत असे. एकच माणूस पायलट आणि मास्टर अशी दोन्ही कामे करतो, अशी तक्रार झाल्यावर मास्टरच्या परवान्यासाठी तिने न्यू ऑर्लिन्स येथे अर्ज केला. स्थानिक निरीक्षकांना निर्णय घेण्याचे धैर्य झाले नाही व प्रकरण वॉशिंग्टनला गेले. तेथील एका विधि-अधिकाऱ्याने स्त्रीत्वाच्या कोमलतेला धक्का बसेल अशा अर्थाचा आक्षेप घेतला. अर्थखात्याचे मंत्री चार्ल्स फोल्जर यांनी तो मानला नाही. काम करण्यास ती लायक असेल तर स्त्री असण्याने बाध येत नाही, असा त्यांचा निर्णय झाला. १६ फेब्रुवारी १८८४ रोजी परवाना मिळाला.

मेरी पॅटनपेक्षा मेरी मिलरचे नाव पुष्कळच कमी घेतले जाते, कारण तिच्या कथेत केप हॉर्न नाही, वादळ नाही. तरीसुद्धा इतिहासाची कूस येथे बदलली असे मी म्हणेन. मेरी मिलरही नवऱ्याच्याच बोटीवर होती. पण परवान्यावरची ‘मास्टर’ ही संज्ञा तिला परीक्षेने मिळाली होती. स्त्रीलिंगी रूप नसलेला हा शब्द तिला जसाच्या तसा लागू करावा लागला, आणि एकदा लागू झाल्यावर त्यातून पत्नी हा अर्थ काढणे कोणालाही शक्य राहिले नाही. इंग्रजीत ‘मास्टरीण’ नव्हती हे बरेच झाले.

आता भाड्याच्या नौकेकडे वळू. ‘चार्टर’ हा शब्द नौकेच्या संदर्भात मूळच्या ‘चार्टर-पार्टी’चा संक्षेप आहे, आणि त्या जोडशब्दातल्या ‘पार्टी’चा मेजवानीशी काडीचा संबंध नाही. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘कार्ता पार्तिता’ म्हणजे दुभंगलेला कागद. जहाजमालक आणि भाडेकरू यांचा करार एकाच पत्र्यावर दोनदा लिहून तो मधून कापीत. दोघांजवळ एकेक तुकडा राही आणि वाद झाला तर तुकडे जुळवून पाहत. या करारात नौकेवर दोन हक्क उत्पन्न होतात. कोठे जावयाचे हे भाडेकरू ठरवितो. आज, या वाऱ्यात, निघावयाचे की नाही हे मास्टर ठरवितो. मालाच्या जहाजावर हे दोन हक्क क्वचितच समोरासमोर येतात, कारण भाडेकरू दूर पेढीवर बसलेला असतो. सहलीच्या नौकेवर तो मास्टरपासून दोन हातांवर, चहाचा पेला घेऊन बसलेला असतो.

हा सहलीचा धंदा आजच्या रूपात फार जुना नाही. १९३६ साली मेन संस्थानातील कॅम्डेन येथे फ्रँक स्विफ्ट यांनी मालवाहतुकीतून निवृत्त होऊ घातलेली जुनी स्कूनर घेऊन उतारूंना आठवडाभर फिरविण्यास आरंभ केला. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे पहिल्या फेरीस उतारू मिळाले ते तीन, आणि तिघीही बोस्टनच्या स्त्रिया होत्या. १९४९ साली व्हर्नन निकल्सन हे निवृत्त नौदल-अधिकारी पत्नी व मुलांसह ‘मॉलिहॉक’ या सत्तर फुटी स्कूनरवरून अँटिग्वा बेटाच्या इंग्लिश हार्बर या ओसाड पडलेल्या जुन्या आरमारी गोदीत आले, आणि तेथे कॅरिबियन समुद्रातील चार्टर-व्यवसायाचा पाया पडला. तिसरा टप्पा १९६९ चा. त्या वर्षी टॉर्टोला बेटावर चार्ली व जिनी केरी या दांपत्याने ‘द मूरिंग्ज’ ही पेढी सहा नौकांनिशी काढली आणि नौका कप्तानाशिवाय, नुसती, भाड्याने देण्याची पद्धत फैलावण्यास मोठी चालना मिळाली.

या तीनही टप्प्यांत स्त्री आहे. पहिल्यात ती पाहुणी, दुसऱ्यात नौकाकुटुंबाची गृहिणी, तिसऱ्यात मालकीण. हुकूम चालविणारी ती अद्याप कोठेच नाही. कर्मचाऱ्यांसह दिल्या जाणाऱ्या नौकांवर कॅरिबियनमध्ये एक जोडपे नेमण्याची रीत पडली, नवरा सुकाणूवर आणि बायको भटारखान्यात. लश्करी बोलीतला भंडारी पुरुष असे, हे वर सांगितलेच आहे. मालाच्या जहाजावर पुरुषांनी मुकाट्याने केलेले काम सहलीच्या नौकेवर पुन्हा बाईकडे गेले, कारण ही नौका पाहुण्यांना घर वाटावी अशी अपेक्षा होती. शिवाय ही बायको केवळ भंडारी नसे. नांगर टाकणे, दोर झेलणे, शीड आवळणे, रात्रीचा पहारा ही मेटची सगळी कामे ती करी. पुष्कळ ठिकाणी अजूनही करते. पुंयोगाची ही विसाव्या शतकातील आवृत्ती म्हणावयास हरकत नाही.

स्वतंत्र स्त्री-स्किपरला जागा मिळाली ती तिसऱ्या टप्प्याच्या पोटातून, आणि काहीशी अनपेक्षितपणे. नुसती नौका भाड्याने घेणाऱ्या प्रत्येकापाशी ती हाकण्याची पात्रता असतेच असे नाही. ग्रीससारख्या देशात तर पात्रतेचा दाखला दाखविल्याशिवाय नौका ताब्यात मिळत नाही. मग पाहुणे नौकेबरोबर एक स्किपरही दिवसाच्या मोबदल्यावर घेतात. पेढीला या स्किपरकडून हवा असतो तो दाखला. ब्रिटनमध्ये १९७० नंतरच्या दशकात रुळलेली ‘यॉटमास्टर’ परीक्षा, व्यवसायासाठी तिच्यावर घ्यावयाचा विशेष शेरा, १९९३ ची लहान व्यापारी शीडनौकांची सुरक्षा-संहिता, अमेरिकेत सहा उतारूंपर्यंतचा तटरक्षक दलाचा परवाना, ही सगळी यंत्रणा माणूस बाई आहे की बुवा हे विचारीत नाही. मेरी मिलरने जो कागद झगडून मिळविला तो आता परीक्षेला बसणाऱ्या कोणालाही मिळतो.

परंतु या स्किपरची नौकेवरील स्थिती पाहा. नौका तिची नाही, पेढीची आहे. पाहुणे तिचे नाहीत. ती त्यांच्याबरोबर सात दिवस दहा-पंधरा मीटरांच्या जागेत राहते, बहुधा नाळेकडच्या अरुंद खणात झोपते, रिवाजाप्रमाणे त्यांच्याच शिध्यातून जेवते. पहिल्या संध्याकाळी ती त्यांना प्राणरक्षक जाकिटे कशी घालावीत, गॅसची तोटी कोठे बंद करावी, कोणी पाण्यात पडले तर काय करावे हे सांगते. पुढे सहा दिवस अनोळखी माणसांना तिने सांगितलेले ऐकावे लागते. पॅटनबाईंच्या मागे आजारी का होईना कप्तान होता. बुबुलिनेच्या मागे संपत्ती होती. नौदलातील अधिकाऱ्याच्या मागे दंडसंहिता असते. हिच्या मागे एक कागद आणि हिचे शब्द. भाषाभ्यासकाला या विषयाकडे ओढणारी गोष्ट हीच आहे.

समुद्रावरील भाषा ही सौजन्यापेक्षा स्पष्टतेला महत्त्व देणारी आहे. इंग्रजीत नौकेच्या डाव्या बाजूस पूर्वी ‘लारबोर्ड’ म्हणत आणि उजव्या बाजूस ‘स्टारबोर्ड’. वाऱ्याच्या गोंगाटात हे दोन शब्द एकमेकांसारखे ऐकू येतात म्हणून ब्रिटिश आरमाराने १८४४ साली आज्ञा काढून ‘लारबोर्ड’ बाद केला व ‘पोर्ट’ रूढ केला. शतकानुशतके चाललेला शब्द केवळ ध्वनिसाम्याच्या धोक्यामुळे हुकुमाने काढून टाकल्याची उदाहरणे भाषांच्या इतिहासात फार सापडणार नाहीत. हुकूम आखूड, एकार्थी आणि आज्ञार्थीच असावा लागतो. ‘दोर सोडता का जरा?’ हे वाक्य पूर्ण होईपर्यंत नौका धक्क्यावर आपटलेली असते.

उलटपक्षी पाहुण्यांशी बोलावयाची भाषा यजमानाची असते, आणि यजमानाला आज्ञार्थ वर्ज्य. रॉबिन लेकॉफ यांनी १९७३ साली लेखरूपाने आणि १९७५ साली पुस्तकरूपाने असे मांडले की अमेरिकन समाज स्त्रीकडून आर्जवी, प्रश्नार्थक, मागे रेलणारी वाक्ये अपेक्षितो, आणि ती तशी बोलली की तिला अधिकार नाही असे ठरवितो; उलट ठाम बोलली तर ती स्त्रीसारखी वागत नाही असे म्हणतो. लेकॉफ यांच्या सर्वच निरीक्षणांना पुढील संशोधनाने दुजोरा दिला असे नाही. पण कोंडीचे हे वर्णन स्किपरला इतके चपखल लागू पडते की ते नौकेवर बसूनच लिहिले असावे असे वाटावे. पुरुष स्किपरलाही दोन्ही भाषा बोलाव्या लागतात हे खरे. मात्र तो आर्जवी भाषेतून आज्ञार्थात शिरला की ते त्याच्या पदाचे लक्षण ठरते. बाई शिरली की ते तिच्या स्वभावाचे लक्षण ठरते.

ही गोष्ट केवळ मानापमानाची नाही. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये ‘मेल्तेमी’ नावाचा उत्तरेचा वारा दिवसच्या दिवस वाहतो, आणि निरभ्र आकाशाखाली वाहतो. नवख्या माणसाला वादळ म्हटले की काळे ढग आठवतात. येथे ऊन लख्ख असते, पाणी निळे असते आणि बोफर्ट मापाने सहा-सात, कधी आठपर्यंतचा वारा सुटलेला असतो. वारा ठराविक मर्यादेबाहेर गेला की बंदराचे अधिकारीच निर्गमनास बंदी घालतात. त्या मर्यादेच्या आतला निर्णय स्किपरचा. पाहुण्यांनी सात दिवसांचे पैसे भरलेले असतात, शनिवारी नौका परत करावयाची असते, त्यांचे विमान ठरलेले असते. अशा वेळी ‘आज निघावयाचे नाही’ हे तीन शब्द उच्चारण्याचा आणि ते मानले जाण्याचा अधिकार, एवढ्यावर नौकेतील सर्वांचे प्राण अवलंबून असू शकतात. सागरावरील जीवरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणात असा नियम आहे की मालक, भाडेकरू वा अन्य कोणीही सुरक्षिततेसाठी आवश्यक असा मास्टरचा निर्णय अडवू नये. भाडेकरूचा उल्लेख नियमात नावानिशी आहे. आणखी एक बारीक गोष्ट. मूळ इंग्रजी वाक्यात मास्टरसाठी सर्वनाम योजलेलेच नाही. ‘मास्टरच्या व्यावसायिक मतानुसार’ अशी षष्ठी वापरून ‘तो’ की ‘ती’ हा प्रश्न मसुदा करणाऱ्यांनी टाळला आहे. कायद्याची भाषा एवढी सावध झाली. पाहुण्यांची भाषा कायद्याच्या मागून चालते.

भटारखान्यातून सुकाणूपर्यंतचा प्रवास एकाच व्यक्तीच्या आयुष्यात पाहावयाचा असेल तर ट्रेसी एडवर्ड्स यांचे चरित्र पाहावे. १९६२ साली जन्मलेली ही इंग्रज मुलगी शाळा सोडून ग्रीसला गेली आणि तेथून चार्टर-नौकांवर पाहुण्यांची सरबराई करणारी म्हणून कामाला लागली. अशाच एका नौकेवर जॉर्डनचे राजे हुसेन यांच्याशी तिची ओळख झाली. १९८५-८६ च्या व्हिटब्रेड जगप्रदक्षिणा शर्यतीत ती ‘अटलांटिक प्रायव्हेटीअर’ या नौकेवर गेली, ती स्वयंपाकी म्हणून. स्त्रीला या शर्यतीत स्किपरपद अगदीच अपरिचित होते असे नाही. क्लेअर फ्रान्सिस यांनी १९७७-७८ साली ‘एडीसी अक्युट्रॅक’ या नौकेचे नेतृत्व करून पाचवा क्रमांक मिळविला होता. पण ट्रेसी एडवर्ड्स यांना सर्व नाविक स्त्रियाच हव्या होत्या. त्यांनी घर गहाण टाकले, अठ्ठावन्न फुटी जुनी शर्यतनौका घेऊन ती दुरुस्त केली, तिचे ‘मेडन’ असे नाव ठेवले, आणि कोणी पैसे देईना तेव्हा राजे हुसेन यांच्या साहाय्याने जॉर्डनच्या विमान कंपनीचा आश्रय मिळविला. १९८९-९० च्या शर्यतीत ‘मेडन’ने आपल्या वर्गात दोन टप्पे जिंकले व एकूण दुसरा क्रमांक मिळविला. शर्यतीपूर्वी इंग्रजी वृत्तपत्रांतून या नौकेविषयी जे लिहिले गेले ते येथे उतरविण्याजोगे नाही. शर्यतीनंतर त्यांना मिळालेल्या मानचिन्हाचे नाव होते ‘यॉट्समन ऑफ द इयर’. शब्दातील ‘मॅन’ कोणाला त्या वर्षी खुपला असो वा नसो, तो तसाच कोरलेला राहिला.

त्याच वर्षी, १९९० च्या नोव्हेंबरमध्ये, फ्लोरान्स आर्तो यांनी ‘रूत द्यु रम’ ही अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडण्याची शर्यत जिंकली. पुरुषांनाही मागे टाकून जिंकली. फ्रेंच वृत्तपत्रांनी त्यांना ‘अटलांटिकची छोटी वाग्दत्त वधू’ म्हटले. महासागराला पुरुष कल्पून तिला त्याची नियोजित वधू केल्याशिवाय त्या लेखकांना राहवले नाही. नौकेवर कोणी पुरुष नव्हता म्हणून पुंयोगासाठी समुद्रच आणावा लागला, दुसरे काय!

नामकरणाच्या बाबतीत भाषांनी वेगवेगळे मार्ग घेतले आहेत. जर्मन भाषा ‘स्किपर’ला सरळ ‘-इन’ लावून मोकळी होते. त्या भाषेत आता त्या प्रत्ययाने पत्नीचा बोध होत नाही. फ्रेंचमध्ये शब्द तोच ठेवून नुसते स्त्रीलिंगी उपपद लावतात, किंवा काही वेळा ‘स्किपझ’ असे नवे रूप करतात. इंग्रजीत काहीच करावे लागत नाही. मराठीत नाम न बदलले तरी क्रियापद गप्प बसत नाही. ‘स्किपर आला’ की ‘स्किपर आली’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे लागते. आणि आपल्याकडे एक शब्द या दृष्टीने आधीच तयार झालेला आहे. ‘कर्णधार’ म्हणजे सुकाणू धरणारा. संस्कृतात ‘कर्ण’चा सुकाणू असाही अर्थ आहे. हा शब्द समुद्र सोडून क्रिकेटच्या मैदानावर गेला आणि तेथे महिला संघाच्या बातम्यांतून, कोणत्याही प्रत्ययाशिवाय, ‘कर्णधार म्हणाली’ असा रुळला. त्याला पुन्हा नौकेवर आणण्यास व्याकरणाची हरकत नाही. तरीही आपल्या वृत्तपत्रांतून आणि नौदलाच्या पत्रकांतून ‘स्किपर’च येतो, आणि उसना शब्द पुंयोगाचे ओझे बरोबर आणीत नाही म्हणून तो टिकेल, असा माझा कयास आहे.

नौदलाचा उल्लेख आला तो कारणपरत्वे. १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून ‘तारिणी’ ही शीडनौका सहा स्त्री-अधिकाऱ्यांसह जगप्रदक्षिणेस निघाली. नौका गोव्यातच, दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत, बांधलेली होती. स्किपर होत्या लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी. २१ मे २०१८ रोजी नौका गोव्यास परतली. २ ऑक्टोबर २०२४ रोजी हीच नौका लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींना घेऊन पुन्हा निघाली व २९ मे २०२५ रोजी परतली. या सफरी चार्टरच्या नव्हेत. तेथे भाडेकरू नाही आणि दंडसंहिता आहे. परंतु पहिल्या सफरीतील पायल गुप्ता नौदलातून बाहेर पडून पुढे ‘मेडन’वर गेल्या. मधल्या काळात ही नौका सेशेल्समध्ये कुजत पडली होती. ट्रेसी एडवर्ड्स यांनी ती सोडवून पुन्हा उभी केली. २०२३-२४ च्या ओशन ग्लोब शर्यतीत हेदर टॉमस स्किपर, पायल गुप्ता खलाशांपैकी एक आणि नौकेवर सर्व स्त्रिया. एप्रिल २०२४ मध्ये ‘मेडन’ इंग्लंडला पोहोचली आणि दुरुस्त वेळेच्या हिशोबाने पहिली ठरली. जगप्रदक्षिणेची शर्यत केवळ स्त्रियांच्या नौकेने जिंकल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

‘तारिणी’ या नावाविषयी एक टीप. ते ओडिशातील गंजाम जिल्ह्यातील तारा-तारिणी देवस्थानावरून ठेवलेले आहे. शब्द ‘तारिन्’चा स्त्रीलिंगी, आपल्या ‘-ईण’ची पूर्वज असलेली ‘-इनी’ त्यात आहे. अर्थ ‘तारून नेणारी’ असा कर्तृवाचक असून कोणा तारकाची पत्नी असा नाही. म्हणजे प्रत्ययात मुळात दोन्ही शक्यता होत्या, आणि नाखवीण, पाटलीण यांच्या वाट्याला त्यांतील एकच आली. ‘मास्तरीण’ दुसरीकडे कोणत्या दशकात आणि कोणत्या शाळांच्या दप्तरांतून वळली, हे मराठी विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने जुनी नियतकालिके चाळून तपासावे. काम कष्टाचे आहे, पण साधने आपल्या ग्रंथालयांतच आहेत.